बाग झकास, फवारणी बकवास

आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात 'वाइल्डलाइफ फ्रेंडली गार्डन' करून घेतलं त्याला आता दोन वर्षं होतील, सारखं कोणी ना कोणी विचारतं कसं आहे, करून घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. कंपनीचं नाव देत नाही कारण मेंटेनन्सवरून अजून वाद चालू आहे. डिझाइनला पाचपैकी चार स्टार, मेंटेनन्सला दीड, त्यातला अर्धा पण माळीदादांच्या स्वभावाकडे बघून.

आधी चांगलं सांगतो. डिझाइन करणारी मुलगी पहिल्या दिवशी आली ती कॅटलॉग न घेता, दोन तास नुसती बसून राहिली आणि इथे आत्ता काय काय येतं तेच बघत होती. मग लॉन निम्म्याच्या वर उडवलं, मोठी झाडं, त्याखाली झुडपं, त्याखाली गवत असे थर लावले. आमच्या शेजारच्या काकूंना डबल पाकळ्यांची जास्वंद हवी होती, तर तिने सांगितलं काकू, त्या जादा पाकळ्या म्हणजे बहुतेक पुंकेसरांच्याच झालेल्या असतात, दिसायला भरगच्च पण माशीला परागही नीट मिळत नाही आणि आत शिरायला वाटही नाही. काकू रुसल्या, पण साधी एकेरी जास्वंद लागली.

फुलपाखरांचं पण तसंच. फुलं लावली की फुलपाखरं येतील असं आपल्याला वाटतं, ती येतात पण मध पिऊन जातात, अंडी घालायला त्यांना ठरावीक झाड लागतं. तिने कोपऱ्यात लिंबू आणि कढीपत्ता लावला तेव्हा मला वाटलं हिला परसबाग करायचीय की काय. आता त्याच लिंबावर अळ्या असतात, लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या आणि मोठ्या झाल्या की हिरव्यागार, काडीने जरा डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढतात आणि घाण वास सोडतात. सोसायटीतली पोरं हा खेळ रोज करतात (करू नका म्हणून सांगून दमलो).

आता तक्रारी. 'बी हॉटेल', म्हणजे मधमाश्यांनी घर करावं म्हणून जी लाकडी पेटी लावली ती निव्वळ शोभेची आहे. अर्ध्या भागात पाइनची बोंडं आणि भुसा, उरलेल्या बांबूच्या नळ्या अंगठा जाईल एवढ्या जाड आणि जेमतेम बोटभर लांब. एकांड्या, म्हणजे पोळं न करता एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांना साधारण २ ते १० मिलीमीटर रुंद, १५ सेंटीमीटरच्या आसपास खोल आणि मागून बंद नळी लागते. मादी व्हायची अंडी आत खोलवर आणि नर व्हायची तोंडाशी घातली जातात, त्यामुळे नळी आखूड असली की नरच जास्त निपजतात. आणि बहुतेक जातीच्या माश्या राहतात जमिनीत! त्यांच्यासाठी उन्हातला उघड्या मातीचा तुकडा पुरे होता, तर तिथे यांनी पेव्हर ब्लॉक बसवून बाक ठेवला.

तळं छान आहे, एका बाजूला उतार दिलाय त्यामुळे पडलेला प्राणी बाहेर येऊ शकतो. पण डासांच्या भीतीने मेंटेनन्सवाल्यांनी न विचारता गप्पी मासे सोडले. पहिल्या पावसाळ्यात बेडूक ओरडत होते, दुसऱ्यात एक बेडकाचं पिल्लू दिसलं नाही, गप्पी अंडी आणि छोटी पिल्लं पण खातात. चतुरांची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या फस्त करतच होती की!

आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट. गुलाबाच्या पानांना कडेने गोल गोल कापे पडलेले दिसले, अगदी पंचिंग मशीनने मारल्यासारखे. मी बघत बसलो तर एक बारकी एकांडी मधमाशी आली, पानाचा तुकडा कापला आणि पोटाखाली धरून उडून गेली, पिल्लांच्या खोल्यांना अस्तर लावतात त्या पानांचं. मी खूश. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला सर, रोग लागलाय, आणि संध्याकाळपर्यंत इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक मारून मोकळा. हे औषध झाडाच्या रसात भिनून मध आणि परागापर्यंत पोचतं, युरोपियन युनियनने २०१८ मध्ये उघड्यावरच्या वापराला बंदी घातली ती माश्यांपायीच. लिंबावरच्या अळ्या पण गेल्या त्या आठवड्यात. अळ्या नाहीत तर पक्षी कशाला येतील? अमेरिकेतल्या चिकडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्याला एका खेपेची पिल्लं वाढवायला ६००० ते ९००० अळ्या लागतात, ब्रोशरवर मात्र यांनी पक्ष्यांचाच फोटो छापलाय.

पाचोळ्याचं तेच, रोज सकाळी ब्लोअर. माळीदादा स्वतः म्हणतात पाचोळा राहू दे, पण वरून फोटो मागतात, फोटोत स्वच्छ दिसायला लागतं.

तर डिझाइन यांच्याकडून बिनधास्त करून घ्या, त्याच मुलीला मागा. मेंटेनन्स मात्र स्वतःच्या माळ्याकडे ठेवा. आमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, फवारणीची ओळ आम्ही खोडून पाठवली आणि ब्लोअर बंद असं लिहिलं, त्याला महिना झाला, सही अजून आलेली नाही.