मे महिन्यात लंडन की जुलैत ग्रीस? नाटकाच्या विद्यार्थ्यासाठी तुलना

नाटक शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने दहा-बारा दिवस परदेशी अभ्यासाला जायचं ठरवलं की चर्चा फिरून फिरून दोन ठिकाणी येते: शेक्सपिअरचं लंडन आणि सोफोक्लिसचा ग्रीस. घरात मग विमानभाड्याची तुलना सुरू होते. ती नंतर करा. आधी कॅलेंडर उघडा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या प्राचीन रंगमंडलात नाटकं होतात ती फक्त उन्हाळ्यात, साधारण जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत, आणि तीही बहुतेक शुक्रवारी-शनिवारी. त्या वेळी आपल्याकडे कॉलेजं सुरू झालेली असतात आणि पुण्यातली मुलं पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत बुडालेली असतात. लंडनच्या ग्लोबचा, म्हणजे शेक्सपिअरच्या नाट्यगृहाच्या प्रतिकृतीचा, उघड्यावरचा हंगाम मात्र एप्रिलच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. म्हणजे मेच्या सुट्टीत लंडनला रोज नाटक पाहता येतं. ग्रीसमध्ये मेमध्ये हवा सुंदर असते, गर्दीही बेताची, पण ओर्केस्त्रात, म्हणजे प्रयोगाच्या त्या गोल अंगणात, नट नसतात. दिवाळीच्या सुट्टीत तर ग्लोबचं अंगणही बहुधा बंद असतं. तेव्हा त्याच आवारातल्या सॅम वानामेकर प्लेहाउसकडे वळायचं. २०१४ मध्ये उघडलेलं हे जेमतेम ३४० जागांचं बंदिस्त नाट्यगृह मेणबत्त्यांनी उजळतं. प्रकाशयोजना शिकणाऱ्याने दिवाळीतच जावं, असं म्हणायला हरकत नाही.

लंडन: चालती नाटकं

लंडनचा खरा फायदा जुन्या इमारतींचा नाही. तिथली बरीचशी जुनी नाट्यगृहं कधीच जळाली किंवा पाडली गेली. मूळ ग्लोब १५९९ चं. २९ जून १६१३ रोजी प्रयोगात तोफ उडवली, ठिणगी गवताच्या छपरावर पडली आणि नाट्यगृह भस्मसात झालं. पुढच्याच वर्षी ते पुन्हा उभं राहिलं, पण १६४२ मध्ये प्युरिटन, म्हणजे कडव्या ख्रिस्ती सुधारक, मंडळींनी नाटकांवर बंदी आणली तेव्हा कायमचं बंद पडलं. आज दिसतो तो ग्लोब १९९७ चा आहे, मूळ जागेपासून दोन-अडीचशे मीटरवर. सॅम वानामेकर या अमेरिकन नटाने आयुष्यातली अनेक वर्षं त्यापायी घालवली आणि तो पूर्ण होण्याआधी, १९९३ मध्ये, तो वारला. तेव्हा ‘शेक्सपिअर इथेच उभा राहिला होता’ असा भाव मनात घेऊन जाऊ नका. ही काळजीपूर्वक केलेली प्रतिकृती आहे, आणि प्रतिकृती म्हणूनच ती फार शिकवते.

शिकायचं असेल तर तिकीट पिटातलं घ्या, म्हणजे उभ्याचं. सुमारे ७०० जण रंगमंचाच्या तीन बाजूंनी उभे राहतात. ही तिकिटं पाच पौंडांपासून सुरू होतात. गॅलरीतल्या चांगल्या जागेला त्याच्या अनेक पट मोजावे लागतात. पिटात बसायला परवानगी नाही. अगदी पायात गोळे आले तरी जमिनीवर टेकू देत नाहीत. छत्री उघडता येत नाही, पाऊस पडला तरी प्रयोग थांबत नाही. म्हणून पातळ रेनकोट, जाड तळव्याचे बूट आणि छोटी पिशवी, एवढंच बरोबर ठेवा. दारं उघडतात तेव्हा पहिल्या पन्नासांत असाल तर थेट रंगमंचाच्या कडेला कोपर टेकून उभं राहता येतं. नटाच्या बुटाची शिवण दिसते तिथून. त्या जागेचा तोटा असा की मान वर करून तीन तास पाहावं लागतं, आणि छप्पर पेलणारे दोन जाड खांब नेमके महत्त्वाच्या वेळी मध्ये येतात. पण हे खांबच पाहायचे असतात. नट एका जागी थांबला तर पाव प्रेक्षकांना तो दिसेनासा होतो, म्हणून इथली हालचाल सतत तिरकी, खांबाभोवती फिरती असते. आपल्याकडच्या ‘डाऊन सेंटर’च्या, म्हणजे रंगमंचाच्या मधोमध पुढे येऊन बोलायच्या, सवयीला हा मोठा धक्का आहे. रात्रीच्या प्रयोगातही प्रेक्षागृहात काळोख करत नाहीत, त्यामुळे नट तुमच्या डोळ्यात बघून स्वगत म्हणतो. ज्याने कोकणात दशावतार देवळाच्या मांडावर पाहिला आहे त्याला हे परकं वाटणार नाही. वरून विमानांचा आवाज येतो. त्यावर मात करणारी शब्दफेक ऐकणं हाही एक धडाच.

ग्लोबमधून निघून पार्क स्ट्रीटवर मूळ जागेची खूण बघा. जवळच १५८७ च्या रोझ नाट्यगृहाचे अवशेष १९८९ मध्ये एका इमारतीच्या पायात सापडले. ते ठराविक दिवशीच दाखवतात, तेव्हा आधी विचारूनच जा. मग नदीकाठाने पश्चिमेला वीस-पंचवीस मिनिटं चाललं की नॅशनल थिएटर. १९७६ मध्ये उघडलेल्या या काँक्रीटच्या राक्षसात तीन नाट्यगृहं आहेत. त्यातल्या ऑलिव्हिए या सर्वांत मोठ्या नाट्यगृहाची पंख्यासारखी बैठक वास्तुकार डेनिस लॅसडन यांनी एपिडॉरसवरून घेतली. ग्रीसला जाणं जमत नसेल तर ही दुधाची तहान ताकावर भागवणारी जागा. आतला शर्लिंग वॉकवे हा उंचावरचा मार्ग फुकट आहे आणि तिथून नेपथ्याच्या कार्यशाळा काचेतून दिसतात. वेल्डिंग, रंगकाम, नेपथ्याचे मोठे फ्लॅट (उभ्या चौकटी) उभे करणं, सगळं. नेपथ्याच्या विद्यार्थ्याने कामाच्या दिवशी दुपारी जावं. रविवारी रिकाम्या लाकडांखेरीज काही दिसणार नाही.

तिकिटांबद्दल दोन गोष्टी. नॅशनल आणि शेक्सपिअरच्या जन्मगावची, स्ट्रॅटफर्डची, रॉयल शेक्सपिअर कंपनी दोघांकडेही २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी स्वस्त तिकिटांच्या योजना आहेत. नाव आधी ऑनलाइन नोंदवावं लागतं आणि दारात वयाचा पुरावा मागतात. आणि वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक नाटकांच्या भागातल्या, जुन्या नाट्यगृहांत स्वस्त तिकिटावर ‘अंशतः दिसणारी जागा’ असं लिहिलेलं असतं ते गांभीर्याने घ्या. तिथे लोखंडी खांब आहेत, आणि तिसऱ्या बाल्कनीच्या कडेला बसलं तर अर्ध्या रंगमंचाऐवजी समोरच्याचं टक्कल पाहावं लागतं.

स्ट्रॅटफर्डला मॅरिलबोन स्टेशनवरून थेट गाडीने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. नेहमीची चूक म्हणजे रात्रीच्या प्रयोगाचं तिकीट काढणं. पडदा पडल्यावर लंडनला परतायला गाडी मिळत नाही. दुपारचा प्रयोग काढा, सकाळी हेन्ली स्ट्रीटवरचं जन्मघर आणि होली ट्रिनिटी चर्चमधली कबर बघून घ्या. दिवस कमी असतील तर जन्मघर सोडा, प्रयोग सोडू नका. लंडनमधलं टॉवर, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी वगैरे महाग आहे. अ‍ॅबीत मात्र गॅरिक आणि ऑलिव्हिए हे दोघेही थोर नट शेक्सपिअरच्या स्मारकापाशी विसावले आहेत, म्हणून नाटकवाल्याचे तेवढे पैसे वसूल होतात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं नाट्यदालन आणि ब्रिटिश म्युझियम, दोन्हीकडे प्रवेश फुकट.

ग्रीस: जागा स्वतःच शिकवते

इथे नाटकांची संख्या कमी, पण जागा खऱ्या. अथेन्समध्ये अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर डायोनिसस या देवाचं रंगमंडल आहे. एस्किलस, सोफोक्लिस, युरिपिडिस या प्राचीन नाटककारांची नाटकं स्पर्धेत उतरली ती याच उतारावर. आज दिसतं ते दगडी बांधकाम त्यांच्यानंतरचं, मुख्यतः इ. स. पू. चौथ्या शतकातलं. पहिल्या रांगेत संगमरवरी आसनं आहेत, मधलं सर्वांत नक्षीदार आसन डायोनिससच्या पुजाऱ्याचं. नाटक पूजेचा भाग होतं म्हणजे काय, ते या एका खुर्चीकडे पाहून कळतं. आपल्याकडे नांदीआधी नटराजाला नारळ वाढवतात, त्याचीच जुनी बहीण म्हणा.

बरेच पर्यटक वरून, टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिराजवळच्या कठड्यावरून हे रंगमंडल बघतात आणि निघून जातात. तसं करू नका. अक्रोपोलिसचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं. सकाळी आठची वेळ घ्या, मेट्रो स्टेशनजवळच्या दक्षिणेच्या दाराने आत जा, आधी वर चढा आणि उतरताना रंगमंडलात निवांत बसा. एकदा दाराबाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत घेत नाहीत. वरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालाय. चपला किंवा झिजलेले बूट असतील तर घसरणार, पाऊस पडला असेल तर नक्कीच. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीकडे गेला की दुपारी काही तास टेकडी बंद ठेवतात, त्यामुळे दुपारच्या वेळेचं तिकीट म्हणजे जुगार. शेजारचं हेरोडेस अ‍ॅटिकसचं ओडिऑन (रोमन काळातलं नाट्यगृह) इ. स. १६१ च्या सुमाराचं. दुरुस्तीसाठी ते दीर्घकाळ बंद ठेवण्याचं ठरलेलं असल्याने तिथल्या प्रयोगावर बेत आखू नका.

आणि मग एपिडॉरस. इथे दोन रात्री द्याव्यात.

हे रंगमंडल इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरचं. शतकानुशतकं मातीखाली राहिलं म्हणूनच टिकलं. १८८१ मध्ये पानागिस कव्वादियास यांनी उत्खनन सुरू केलं. खाली ३४ आणि वर २१ अशा ५५ रांगा, मध्ये ये-जा करायचा रुंद पट्टा, आणि तळाशी सुमारे वीस मीटर व्यासाचं गोल अंगण. बारा ते चौदा हजार माणसं बसतील एवढी जागा. पुण्याच्या बालगंधर्वची आसनं हजाराच्या आत आहेत, म्हणजे डझनभर बालगंधर्व एकावर एक रचल्यासारखं, आणि माईक नाही.

आवाजाच्या चमत्काराबद्दल मात्र थोडं सावध राहा. गाइड अंगणाच्या मध्यावर नाणं टाकतो किंवा कागद फाडतो आणि शेवटच्या रांगेत ऐकू येतं असं सांगतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की दगडी पायऱ्यांची रचना खालच्या पट्टीतला गोंगाट दाबते आणि वरच्या पट्टीतले आवाज पुढे जाऊ देते. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवन विद्यापीठाच्या चमूने मोजणी केली तेव्हा मात्र नाण्या-कागदाच्या गोष्टी वाढवून सांगितलेल्या निघाल्या: दूरवर काहीतरी वाजलं एवढं कळतं, ते काय ते ओळखू येत नाही. हाच प्रयोग स्वतः करा. सकाळी आठ वाजता, बसगाड्या यायच्या आत पोहोचा. एकाने मध्यावर उभं राहून दहा ओळी तीन प्रकारे म्हणायच्या: समोर तोंड करून, बाजूला वळून आणि पाठ फिरवून. दुसऱ्याने पहिल्या, चौतिसाव्या आणि पंचावन्नाव्या रांगेत बसून शब्द किती कळले ते लिहायचं. पाठ फिरवली की शब्द विरतात. मूळ रंगमंडलात मागे दगडी रंगघर होतं, त्यावरून आवाज उलटून प्रेक्षकांकडे यायचा. आज त्याचा फक्त पाया उरलाय. मुखवटा, कोरस (एकत्र गाणारा-बोलणारा समूह) आणि समोर तोंड करून बोलणं यांचा अर्थ पुस्तकात नाही, इथे लागतो. पु. ल. देशपांड्यांचा ‘राजा ओयदिपौस’, म्हणजे सोफोक्लिसच्या नाटकाचा मराठी अवतार, बरोबर असला तर त्याच ओळी म्हणून बघा. मराठीतले महाप्राण (ख, घ, भ यांसारखे वर्ण) इथे किती टिकतात हा कुणीतरी घेण्यासारखा प्रबंधाचा विषय आहे.

प्रयोग आधुनिक ग्रीक भाषेत असतात, इंग्रजी उपशीर्षकं दिसतात. पण मान पाट्यांकडे वळवली तर कोरस निसटतो, म्हणून नाटक आधी दोनदा वाचूनच जा. उंच टाचांना बंदी आहे आणि पाण्याखेरीज खाणंपिणं आत नेता येत नाही. दगडावर अडीच तास बसायचं म्हणजे चादरीची चौघडी हवीच.

एक जागा सगळ्यांना फसवते. नकाशात ‘एपिडॉरस’ टाकलं की दोन-तीन नावं येतात. ‘जुनं एपिडॉरस’ हे समुद्रकाठचं गाव, तिथे ‘छोटं’ रंगमंडल आहे. आपल्याला हवं ते मोठं रंगमंडल आतल्या भागात, लिगुरिओ गावाजवळच्या अस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेच्या देवस्थानात. चुकीच्या गावी उतरलात तर टॅक्सीशिवाय गत्यंतर नाही. अथेन्सच्या किफिसोस बसस्थानकावरून गाडी पकडा आणि मुक्काम नाफ्प्लिओला किंवा लिगुरिओला करा. प्रयोग रात्री उशिरा संपतो, तेव्हा परतीच्या विशेष बसची चौकशी जातानाच करून तिकीट हातात ठेवा.

व्हिसा

इथे लंडन थोडं सोपं. पर्यटक व्हिसा, मुक्काम सहा महिन्यांपर्यंत, अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून, उत्तर साधारण तीन आठवड्यांत. ग्रीससाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक, व्हिसा: शुल्क ९० युरो, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा, अर्ज सहा महिने आधीपासून. नियमाने १५ दिवसांत निकाल लागतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी अडचण. जुलैत जायचं तर मार्च-एप्रिलमध्येच तारीख पकडा. दोन्हीकडे कॉलेजचं ना-हरकत पत्र, परतीच्या सत्राची नोंदणी आणि खर्च करणाऱ्या पालकाचे सहा महिन्यांचे बँक हिशेब लागतात. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम संशय वाढवते. सातबारा किंवा मराठी दाखला जोडत असाल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्या.

मग कुठे?

अभिनय, दिग्दर्शन, निर्मिती व्यवस्था शिकणारा पदवीचा विद्यार्थी, मेची सुट्टी, पहिला परदेश प्रवास: लंडन. दहा दिवसांत आठ नाटकं होतात, एकट्याने फिरणं सोपं. नेपथ्य, ध्वनी, नाट्यवास्तू किंवा अभिजात नाटकावर पदव्युत्तर काम करणारा, ज्याला जुलैत रजा मिळते: ग्रीस, आणि तेही एपिडॉरसचं तिकीट हातात पडल्यावर मगच विमानाचं. प्रयोग नसताना ग्रीसला जायचं असेल तर मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी स्मारकांना प्रवेश फुकट असतो, पण ती लवकर बंद होतात.

दोन्ही हवेत, असं म्हणणारे निघतातच. लंडनहून अथेन्सला विमानाने चार तासांच्या आत पोहोचता येतं, पण एका व्हिसावर दुसरीकडे प्रवेश मिळत नाही आणि पासपोर्ट एकच असतो. तो एका अर्जात अडकला की दुसरा अर्ज थांबतो, म्हणून अर्ज एकामागोमाग करा आणि निघण्याआधी अडीच महिने हाताशी ठेवा. आधी लंडन, मग अथेन्स असा क्रम लावा. ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पं बघून अथेन्सच्या अक्रोपोलिस संग्रहालयात गेलात, तर त्याच शिल्पांच्या जागी ठेवलेले पांढरे प्लास्टरचे ठसे लगेच ओळखू येतील.