नाव बदलावं की नंबर बांधावा?

आमच्या ऐरोलीच्या घरात विंडोजचे दोन सेकंडहँड लॅपटॉप आले. एक वहिनीच्या जीएसटीच्या कामाला, दुसरा पुतणीच्या कॉलेजला. दुकानदाराने एकाच डिस्कची कॉपी दोन्हींत मारलेली, त्यामुळे दोघांचंही नाव 'ऑफिस-पीसी'. प्रिंटर वहिनीच्या लॅपटॉपला. पुतणी प्रिंट द्यायला 'ऑफिस-पीसी' उघडायची आणि समोर तिचेच फोल्डर! "काका, प्रिंटर गेला कुठे?" गेला कुठेच नव्हता, तिचा लॅपटॉप स्वतःलाच हाक मारत होता. माझ्या डेस्कटॉपवरून तर आणखी मजा: जो लॅपटॉप आधी चालू झाला, नाव त्याचं. म्हणजे आज वहिनीचे फोल्डर दिसणार, उद्या पुतणीचे.

अशा वेळी दोन रस्ते आहेत. एका कॉम्प्युटरचं नाव बदलायचं, किंवा नावाचा नाद सोडून राउटरमध्ये प्रत्येकाला कायमचा आयपी नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बांधून द्यायचा आणि त्या नंबरने जायचं. पण आधी दुखणं नावाचंच आहे ना, ते बघा. दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टमध्ये (हुकूम टाईप करायची विंडोजची काळी खिडकी) इंग्रजीत 'होस्टनेम' टाईप करा. उत्तर सारखं आलं तर दुखणं नावाचंच. 'एनबीटीस्टॅट', स्पेस, डॅश, एन असं दिल्यावर स्टेटसच्या रकान्यात 'रजिस्टर्ड'ऐवजी 'कॉन्फ्लिक्ट' दिसलं तर पक्कंच. नावं वेगळी असूनही मशीन दिसत नसेल तर 'आयपीकॉन्फिग' करून नंबर बघा. एकाचा 192.168.1 ने आणि दुसऱ्याचा 192.168.0 ने सुरू होत असेल, तर बेडरूममध्ये रेंजसाठी लावलेल्या दुसऱ्या राउटरने घराचे दोन भाग केलेत. तिथे नाव बदलून काही होणार नाही.

नाव बदलणं पाच मिनिटांचं काम: सेटिंग्ज, सिस्टिम, अबाऊट, 'रिनेम धिस पीसी', मग रीस्टार्ट. फायली जागच्या जागी राहतात, युजरचा फोल्डरही तोच. त्रास होतो तो त्या नावावर लटकलेल्या गोष्टींचा, म्हणजे शेअर केलेला प्रिंटर, मॅप केलेला ड्राइव्ह (दुसऱ्या मशीनचा फोल्डर आपल्याकडे ड्राइव्ह म्हणून जोडलेला), डेटाचा मार्ग नावाने साठवणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर. म्हणून ज्याच्याकडे बाकीचे येतात त्याला हात लावू नका. जो फक्त दुसऱ्यांकडे जातो त्याचं बदला. आमच्याकडे बदललं ते पुतणीचं. वहिनीच्या मशीनला मी बोटही लावलं नाही, रिटर्न भरायची तारीख जवळ होती.

नंबर बांधण्यात ऐट आहे, हे कबूल. राउटरच्या डीएचसीपीच्या, म्हणजे नंबर वाटपाच्या, पानावर लॅपटॉपचा मॅक अॅड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, टाकायचा आणि समोर ठरलेला आयपी लिहायचा. मग 'ऑफिस-पीसी'ऐवजी तो नंबर टाकला की बरोबर मशीन उघडतं, दोघांचं नाव एक असलं तरी. दोन्ही मशीनच्या नावाला हात लावता येत नसेल, उदाहरणार्थ दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांनी दिलेले असतील, तर हाच मार्ग. पण केबलचा मॅक वेगळा, वायफायचा वेगळा. केबल काढली की नंबर बदलला. विंडोजमध्ये रँडम हार्डवेअर अॅड्रेस (म्हणजे हाच मॅक) रोज बदलायला लावला असेल तर राउटर ओळखच विसरतो. आणि आपल्याकडे इंटरनेट कंपनी बदलताना बहुतेकदा राउटरही बदलतो. नवा डबा आला की तुम्ही बांधलेले सगळे नंबर जुन्या डब्याबरोबर गेले. नाव मात्र मशीनबरोबर राहतं. माझं मत त्यामुळेच नावाकडे झुकतं. दुखणं नावाचं असताना नंबर बांधणं म्हणजे पत्र्याची गळती तशीच ठेवून खाली बादली मांडणं. नाव नीट केल्यावर प्रिंटरवाल्या मशीनला नंबरही बांधलात तर उत्तमच, ते जास्तीचं.

विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये नाव-नंबरच्या जोड्या लिहायचा तिसरा मार्ग कुणी सुचवेल. प्रत्येक मशीनवर वेगळी लिहावी लागते, आणि नंबर बदलला की पुन्हा. घरी नको. अॅपलच्या मॅक कॉम्प्युटरवाल्यांनी यातलं काही वाचायची गरज नाही; त्यांचं मशीन टक्कर दिसली की स्वतःच नावापुढे दोनचा आकडा जोडून घेतं. कोऱ्या विंडोजलाही ही अडचण सहसा येत नाही, कारण ते 'डेस्कटॉप' या शब्दापुढे स्वतः सात अक्षर-आकडे जोडतं. घोळ होतो तो कॉपी मारलेल्या डिस्कचा आणि आपण हौसेने ठेवलेल्या नावांचा.

हौसेच्या नावात एक खोच आहे. नेटवर्कवर मशीनची नावं ओळखायची विंडोजची जुनी नेटबायोस पद्धत नावाची पहिली 15 अक्षरंच धरते. 'ऐरोली-अकाउंट्स' इंग्रजीत लिहून मोजा, डॅश धरून बरोबर 15 भरतात. त्यापुढे एकाला '-1' आणि दुसऱ्याला '-2' लावलंत तर तुम्हाला दोन नावं दिसतील, नेटबायोसला एकच. म्हणून आकडा नावाच्या सुरुवातीला घ्या किंवा नाव आखूड ठेवा. पुतणीच्या लॅपटॉपचं नाव आता 'चिमणी' आहे.