पसाट बी६च्या हँडब्रेकची मोटर: मूळ, नक्कल की नुसता पट्टा?

फोक्सवॅगन पसाटच्या बी६ पिढीत हँडब्रेकचा दांडा गेला आणि बटण आलं. भारतात विकलेल्या या गाड्यांची जुळणी तेव्हाच्या औरंगाबादेत, स्कोडाच्या कारखान्यात व्हायची. सेकंडहँड बाजारात त्या अजून फिरतात आणि तक्रार ठरलेली असते: बटण दाबलं की मागून घरघर ऐकू येते. मग कोणीतरी मोटर बदलायला सांगतो. बाजारात तीन वाटा आहेत: मूळ कंपनीचं पूर्ण युनिट, दिसायला हुबेहूब असलेली नक्कल, आणि पट्टा व सीलचं किट. यातलं काय घ्यायचं हे ठरवण्याआधी आत काय फिरतं ते समजून घ्यावं, नाहीतर चांगली मोटर फेकून आवाज तसाच राहतो.

मागच्या प्रत्येक कॅलिपरवर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावर, एक डीसी मोटर असते. तिच्या शाफ्टवरून दातेरी पट्टा मोठ्या पुलीवर जातो. इथे वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पुढे डुलणाऱ्या चकतीचा गिअर आहे आणि या युनिटची खरी गंमत तिथेच आहे. चकती स्वतः फिरत नाही, घराच्या (युनिटच्या बाहेरच्या कवचाच्या) खाचांत अडकून नुसती डुलते. तिला 51 दात, तिच्यासमोरच्या गिअरला 50. एका डुलण्यात एका दाताचा फरक पडतो, म्हणून 50:1. पट्टा धरून एकूण 150:1. पुढे कॅलिपरमधला स्पिंडल (आट्यांचा दांडा) फिरतो, त्यावरची नट पिस्टन पुढे ढकलते. आटे स्वतः अडकणारे असल्याने करंट बंद झाला तरी पकड सुटत नाही.

आता थरथरीचं गणित. मोटर मिनिटाला 6,000 फेरे घेते असं धरू, म्हणजे सेकंदाला 100. पुली सेकंदाला 33 वेळा फिरते, चकती तितक्याच वेळा डुलते, आणि स्पिंडलचे फेरे मिनिटाला जेमतेम 40. आवाजाची जात इथेच ओळखता येते. बारीक, चढा, सायकलच्या डायनॅमोसारखा सूर असेल तर तो मोटरच्या ब्रशचा (आत करंट पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांचा) किंवा पट्ट्याच्या दातांचा. जाड घरघर असेल, जणू कोणी पाट्यावर वरवंटा ओढतंय, तर चकतीच्या खाचा झिजल्या आहेत. फोनवरचं फ्रीक्वेन्सी दाखवणारं फुकटचं अ‍ॅप टायरजवळ धरलं तरी दोन्हींतला फरक दिसतो. डावी-उजवी बाजू ताडून बघणं सगळ्यात उपयोगाचं, कारण दोन्ही एकदम सारख्या झिजत नाहीत.

पॅड डिस्कला टेकल्यावर खरा ताण येतो. तोवर मोकळं फिरणारं सगळं एकदम अडतं. स्पिंडलच्या बाजूने पाहिलं तर मोटरच्या रोटरचं (आतल्या फिरणाऱ्या भागाचं) जडत्व 150 च्या वर्गाने, म्हणजे 22,500 पट वाढलेलं असतं. कंट्रोल युनिट करंट चढल्यावर मोटरचा पुरवठा तोडतं, पण रोटर त्या क्षणी थांबत नाही. उरलेली ऊर्जा शाफ्टला पीळ देते, पीळ उलटा सुटतो, आणि ही ये-जा दातांतल्या प्लेमध्ये, म्हणजे मोकळ्या ढिलाईत, खडखडते. पट्टा इथे नुसता वेग कमी करत नाही. रबर असल्याने तो थोडा ताणतो आणि झटका स्वतःत जिरवतो. त्याला जोड म्हणून मोटर आणि घर यांच्यामधल्या रबरी रिंगा. शांतपणा या दोन गोष्टींमुळे येतो, मोटरच्या ताकदीमुळे नाही. नक्कल नेमकी इथे हात आखडता घेते.

नकलेत सापडणारे दोष तेच ते. पट्ट्याचं रबर कडक. रिंगा कधी पातळ, कधी गायबच. प्लॅस्टिकच्या दातांवर साच्याची पापडी तशीच. आणि पुलीचं भोक मध्यावर नसतं. हा शेवटचा दोष सगळ्यात वाईट: दर फेऱ्याला पट्टा एकदा ताठ, एकदा सैल, आणि आवाज सरळ न येता हुं-हुं-हुं असा हेलकावे घेत येतो. तो ऐकायला गाडी लागत नाही. दुकानातच 12 व्होल्टच्या सप्लायवर मोटर मोकळी चालवून बघा, सोबत अँपिअर मीटर लावा. आकडा एका जागी थांबला तर ठीक. सूर आणि आकडा बरोबरीने डुलत असतील तर डबा परत करा. उलट्या दिशेनेही चालवा, कारण प्ले दिशा बदलताना ठकठकतो.

हा प्रयोग फक्त सुट्या मोटरवर. कॅलिपरवर बसवलेल्या मोटरला बॅटरीच्या वायरी थेट लावणं हा गल्लीतला लोकप्रिय उपाय आहे, आणि प्लॅस्टिकचे गिअर फुटण्याचं हमखास कारणही. थेट वायरीला करंट तोडणारं कोणी नसतं. घट्ट करताना दात जातात. सैल करताना नट मागे जाऊन अशी रुतते की नंतर मोटर ती हलवू शकत नाही.

पट्टा-सीलचं किट स्वस्त आहे आणि पट्टा तुटला असेल तर हिशेबात बसतं. मात्र युनिटचं झाकण कापून उघडावं लागलं तर परत पाणीबंद करणं अवघड. पावसाळ्यात आत ओल गेली की ब्रश खराब होतात आणि बेअरिंग गंजतात. चकतीच्या खाचांत नखाने चाचपून पायरी लागत असेल तर किटवर पैसे घालू नका. नवा पट्टा जुनी घरघर झाकू शकत नाही.

आणि बऱ्याचदा दोष मोटरचा नसतोच. नट फिरू नये म्हणून तिला पिस्टनच्या आतल्या आकाराचा आधार असतो, म्हणजे स्पिंडलचा उलटा पीळ शेवटी पिस्टनवर येतो. पिस्टनचं रबर फाटून आत गंज चढला की पिस्टन अडकत-सुटत सरकतो आणि मोटर कण्हते. मोटरचे स्क्रू काढून ती बाजूला केली की स्पिंडल हाताने फिरवून बघा. एकसारखा जड फिरला तर चालेल. जागोजागी अडला तर कॅलिपर दुरुस्तीला द्या, मोटर राहू द्या.

बसवताना व्हीसीडीएस लागतं, म्हणजे लॅपटॉपवरून गाडीच्या कंट्रोल युनिटना हुकूम देणारं सॉफ्टवेअर. बॅटरीला चार्जर लावा, कारण व्होल्टेज पडलं की मोटर अर्ध्यात थांबते आणि एरर साठतो. 53 नंबरचं पार्किंग ब्रेकचं मॉड्यूल उघडून बेसिक सेटिंग्जमध्ये ग्रुप 007 दिला की नट मागे जाते. पिस्टन सरळ दाबून आत घाला; जुन्या केबलवाल्या कॅलिपरसारखा फिरवू नका, नटचा आधार तुटेल. मोटरचा सीलिंग रिंग नवाच हवा. तो बसण्याची जागा कापडाने पुसा, रेतीकागद लावू नका. स्क्रू दोन्ही आळीपाळीने, मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने). एक बाजू आधी आवळली तर मोटर तिरकी बसते आणि जोडणीवर दर फेऱ्याला बाजूचा भार येतो, म्हणजे नव्या युनिटमध्ये जुनी थरथर. मग ग्रुप 006 ने नट पुढे, आणि 010 ने चाचणी.

निकाल द्यायचा तर मूळ युनिट, किंमत टोचली तरी. नक्कल घ्यायचीच असेल तर वर सांगितलेली सप्लायवरची परीक्षा पास झालेली, आणि वॉरंटी लेखी. जुन्या गाडीतून काढलेली मूळ मोटर या दोन्हींच्या मधली; नकलेपेक्षा ती बरी, फक्त कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या नसाव्यात. 010 ची चाचणी चालू असताना खिडक्या खाली करून दोन्ही बाजू ऐका. सूर किंचित वेगळा असेल, नवी बाजू थोडी चढी लागते, तेवढं चालतं. एका बाजूला शेवटी ‘टक्’ ऐकू आलं तर स्क्रू सैल करून मोटर पुन्हा सरळ बसवा.