हॉटेलचं बुकिंग झालं, पैसे दोनदा गेले, खोली मात्र कुणाच्याच नावावर नव्हती

हॉटेल बुकिंगमध्ये फसणारा माणूस स्वस्ताच्या मोहाने फसतो, असं सगळ्यांना वाटतं. आम्हाला सांगितलेला भाव अजिबात स्वस्त नव्हता. संशय आला नाही तो त्यामुळेच.

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्या दोघांनी मुंबई पाहिली ती दादरच्या मावशीकडे गॅलरीत झोपून. म्हणून एक रात्र तरी दक्षिण मुंबईत, खिडकीतून समुद्र दिसेल अशा पंचतारांकित हॉटेलात त्यांना न्यायचं, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. हॉटेलचं नाव लिहीत नाही. त्यांचा यात दोष नाही, त्यांच्या नावावर दुसऱ्याच कुणीतरी दुकान मांडलं होतं.

मोबाइलच्या नकाशावर हॉटेल शोधलं, तर खाली त्याच नावाला ‘रिझर्वेशन’ जोडलेली आणखी एक नोंद होती. फोटो हॉटेलचेच, नंबर मोबाइलचा. नकाशावर नवी नोंद घालणं किंवा असलेल्या नोंदीत बदल सुचवणं कुणालाही जमतं, हे किती जणांना ठाऊक असतं? फोन लावला. आधी सतारीची धून, मग अत्यंत अदबशीर आवाज : “सर, सी-व्ह्यू चाहिए या सिटी-व्ह्यू? नाश्ता इन्क्लुडेड रखूँ?” आई-बाबांचं वय कळल्यावर त्याने बाथरूममध्ये धरायला दांडा असलेली खोली देतो म्हणून सांगितलं. भाडं सोळा हजार, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १८,८८०. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला कर तेवढाच लागतो, त्यामुळे हिशेबही चोख. निम्मे आधी, निम्मे हॉटेलवर. व्हॉट्सॲपवर लोगोसकट कागद आला, त्याखाली क्यूआर कोड.

स्कॅन केल्यावर ॲपवर हॉटेलचं नाव न दिसता कुठल्यातरी ‘ट्रेडर्स’चं नाव दिसलं. विचारायच्या आत त्यानेच सांगितलं, “हमारे अकाउंट्स का नाम आएगा सर, घबराइए मत.” ९,४४० रुपये गेले.

खरी मेख पुढे आहे, आणि हे लिहितोय ते मुख्यतः तिच्यासाठी. पाच मिनिटांत पुन्हा फोन. पैसे मिळाले, पण रिमार्कमध्ये बुकिंग कोड नसल्यामुळे सिस्टिमने पावती काढली नाही. कोड टाकून तेवढीच रक्कम पुन्हा पाठवा, आधीची आपोआप परत येईल. पाठवली. मग म्हणे दोन्ही एंट्र्या अडकल्या, आता १८,८८० एकरकमी भरले की सगळे मिळून ३७,७६० परत. फोन चालूच ठेवायचा, मध्ये कट करायचा नाही, हे तो दर वाक्यामागे बजावत होता. माणसाला विचार करायला सवडच द्यायची नाही, हा यांचा सगळा धंदा. पहिली रक्कम हे नुसतं आमिष, ती सोडवायच्या नादात माणूस पुढचे पैसे ओततो. हिने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला, म्हणून तिसरी रक्कम वाचली.

मग हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा ०२२चा लँडलाइन नंबर फिरवला. ऑपरेटरने रिझर्वेशनला जोडून दिलं, तिथल्या बाईंनी आमचा कोड विचारला आणि शांतपणे म्हणाल्या, “आमच्याकडे असे कोडच नसतात.” या महिन्यात असा फोन करणारे तुम्ही पहिले नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली. दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर नंबर (ॲपवर प्रत्येक व्यवहारापुढे दिसणारा त्याचा ओळख क्रमांक), वेळ आणि बँक एवढं हाताशी ठेवा, तेच विचारतात. पैसे खात्याखात्यांतून झपाट्याने पुढे सरकतात, त्यामुळे आधी पोलीस ठाणं गाठू आणि मग बघू, असं करू नका. आमच्या दुसऱ्या रकमेतले काही पैसे एका खात्यात गोठवले गेले आहेत, ते हातात यायचे आहेत. पहिली रक्कम तोवर कुणीतरी काढूनही घेतली होती.

असा नंबर तुमच्या समोर आला आणि पैसे गेले नसतील, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर संशयास्पद फोन-मेसेज कळवण्यासाठी असलेल्या ‘चक्षू’वर त्याची माहिती द्या. नकाशावरच्या नोंदीचीही तक्रार करा, आमच्या तक्रारीनंतर ती नोंद उडाली. बुकिंग करायचंच असेल तर नंबर हॉटेलच्या साइटवरून घ्या, बुकिंग झाल्यावर हॉटेलच्या लँडलाइनवर पुन्हा फोन करून कन्फर्मेशन नंबर त्यांच्या यादीत आहे का ते विचारा, आणि ॲपवर दिसणारं नाव हॉटेलच्या कंपनीचं नसेल तर पिन टाकू नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी.