सामायिक फळप्रक्रिया केंद्र, सिंधुदुर्ग: आंबा-कोकम सीझनचा रिव्ह्यू

सरळ सांगते, घरच्या घरी पल्प, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं असलं काही करत असाल आणि स्वतःची मशिनरी नसेल तर तुमच्या तालुक्यात असं केंद्र आहे का ते आधी बघा, कर्जाचा विचार नंतर करा. आमच्या इथलं केंद्र बचत गटांच्या बायका मिळून चालवतात, शेड आणि मशिनरी सरकारी अनुदानातून आलीय. पल्पर, बॉयलर, बाटल्या भरायचं नि सील करायचं मशीन, ट्रे ड्रायर, सगळं एकाच छपराखाली. आपला माल न्यायचा, किलोवर पैसे द्यायचे, तयार माल गाडीत टाकून घरी यायचं. पल्पिंगला मला किलोला ८ रुपये पडले, ड्रायरचे पैसे ट्रेच्या हिशोबाने, बाटल्या-झाकणं आपली. पाचपैकी चार स्टार देतेय आणि एक का कापला ते खाली सांगते.

पहिलं म्हणजे तिथली माणसं. पल्परवर ज्या काकी असतात त्या क्रेट उघडून आंबा हातात घेतात, देठाजवळ दाबतात, वास घेतात आणि मग ठरवतात. माझा एक क्रेट त्यांनी परत पाठवला, म्हणाल्या, "ह्यो आंबो अजून नीट पिकूक नाय गो, दोन दिस अढीत ठेव आणि मगे घेवन ये." दुसरीकडे पैसे मिळतायत म्हणून घेतला असता आणि पल्प आंबट निघाला असता. रिफ्रॅक्टोमीटर आहे, प्रत्येक बॅचचा ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप वहीत लिहितात, पीएच म्हणजे आंबटपणाचं माप बघतात (आकडा जितका कमी तितकं आंबट). हापूसचा पल्प कितीही गोड लागला तरी पीएच ४.५ च्या खाली असायला हवा, नाहीतर नुसत्या उकळत्या पाण्यातलं स्टरिलायझेशन पुरत नाही आणि माल धोकादायक होऊ शकतो, हे मला कुठल्या ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटने नाही शिकवलं, काकींनी शिकवलं.

पण खरं सोनं म्हणजे ड्रायर, आणि तेही कोकमासाठी. ज्यांनी आमसुलं केलीयत त्यांना माहितीये, रतांबे म्हणजे कोकमाची फळं फोडायची, बी-गर काढायचा, सालं मीठ घातलेल्या त्याच रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, असं रंग काळपट होईपर्यंत चालतं. आणि रतांबा पिकतो कधी तर एप्रिल-मे मध्ये, डोक्यावर वळवाचे ढग. एक सर आली की अंगणातली सगळी सालं आत, दोन दिवसात बुरशी. दरवर्षी झाडाखाली किती रतांबे कुजतात ते आमच्या भागात कोणीही सांगेल. ड्रायरमध्ये ५५-६० डिग्रीला लावलं की पाऊस असो नसो, काम चालू. चव? उन्हातल्या आमसुलाला थोडा वेगळा वास असतो हे मान्य, पण रंग छान येतो, माती-कचरा नाही, आणि मुंबईची गिऱ्हाईकं परत मागवतायत.

आता एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण ती कुठल्या रिपोर्टमध्ये येणार नाही. ड्रायरसोबत आलेल्या ट्रे कोकमाच्या आम्ल रसाने आणि मिठाने पहिल्याच सीझनला खराब व्हायला लागल्या, डाग पडले, कडा खाल्ल्या गेल्या. मशीन ज्यांनी डिझाईन केलं त्यांनी भाजीपाला डोळ्यासमोर ठेवला असणार, मीठ लावलेलं कोकम नाही. तर तिथल्या बायकांनी फूड ग्रेड प्लास्टिकची जाळी आणून ट्रेच्या मापाने कापली, खाली हवा खेळायला पट्ट्या लावल्या, आणि सालं उलटायची वेळ बदलली. झालं काम. माझ्या मते इनोव्हेशन म्हणतात ते हेच, आणि त्यासाठी कुठल्याही योजनेत एक रुपयाची तरतूद नाही. राज्याची स्टार्टअप पॉलिसी २०१८ ला आली, त्यातल्या स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्या २४ स्टार्टअपना १५ लाखांपर्यंतची सरकारी कामं दिली गेली, चांगलंच आहे, व्हायलाच पाहिजे. पण त्यासाठी कंपनी लागते, प्रेझेंटेशन लागतं. जाळी कापणाऱ्या बाईला १५ लाख नको आहेत, २०-२५ हजार आणि एक वेल्डर मिळाला तर ती पुढच्या सीझनला अजून दोन सुधारणा करेल.

कोणी म्हणेल स्वतःचं युनिट टाका ना, योजना आहेत की. आहेत, मी सगळ्या वाचल्यात. केंद्र सरकारची छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये सुरू झाली, १०,००० कोटींची, वैयक्तिक युनिटला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना २०१९ पासून आहे. दोन्ही बँक कर्जाला जोडलेल्या. आणि इथेच कोकणातला माणूस अडकतो, कारण आमचा सातबारा सामायिक. आजोबांच्या नावावरून खाली आलेली नावं, अर्धी मुंबईत, दोघं वारलेले पण वारसनोंद नाही, एक काका कोणाशीच बोलत नाहीत. छोट्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे हे खरं, पण शेड बांधणार कुठे? जागेवर सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते, त्याशिवाय बांधकामाची परवानगी नाही आणि पुढचे कागद अडलेच. एका बँकेत मला फाईल ठेवून जा म्हणाले, फाईल अजून तिथेच आहे. म्हणजे योजना वाईट नाही, पण ती जिथे जमीन एका माणसाच्या नावावर असते अशा ठिकाणी चांगली चालते. आमच्याकडे सामायिक केंद्रच चालतं, कारण तिथे माझा सातबारा कोणी विचारत नाही, आंबा पिकलाय का एवढंच विचारतात.

प्रादेशिक समतोल हा शब्द मी लहानपणापासून ऐकतेय. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागे राहिला ते, मोजला, १९९४ ला विकास मंडळं आली, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र, आणि कोकण गेलं त्या उर्वरितमध्ये, पुण्याच्या पंगतीला. महसुली कोकण विभाग बघा, त्यात मुंबई आहे, ठाणे आहे. त्यांची सरासरी काढली की आम्ही श्रीमंत! उद्योगांच्या सवलतीसाठी राज्य तालुकानिहाय ए, बी, सी, डी, डी प्लस अशी, पुढारलेल्यापासून मागासलेल्यापर्यंत, वर्गवारी करतं ते त्यातल्या त्यात बरं, निदान तालुका तरी दिसतो. त्याच मापाने सामायिक केंद्रं का नाही मोजत? कुठल्या गावापासून जवळचं प्रक्रिया केंद्र किती किलोमीटर, एवढा एक नकाशा केला तरी कळेल कोण मागे आहे. पिकलेला आंबा तीन तास टेम्पोत हलवला की निम्मा पल्परच्या लायकीचा राहत नाही.

आता कापलेला स्टार. मे महिन्यात लाईट जाते आणि जनरेटर छोटा, बॉयलर सुरू असताना गेली तर बॅच वाया जायची भीती. पल्पर बंद पडला की मेकॅनिक कोल्हापूरहून घाट उतरून येणार, तोपर्यंत माझे आंबे काळे. लॅब टेस्टिंगला सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं, रिपोर्ट येईपर्यंत सीझन संपत येतो. आणि ऑपरेटरच्या पगाराला सरकारी पैसा नाही, तो किलोच्या दरातूनच निघायचा, म्हणून जून ते मार्च केंद्र जवळजवळ बंद. मधल्या काळात काजू बोंडू आहे, फणस आहे, आवळा आहे, पण माणूस ठेवायला पैसे नाहीत. यात केंद्र चालवणाऱ्या बायकांचा काडीचा दोष नाही. पैसे देताना सिमेंट आणि मशीन दिसतं तेवढ्यालाच दिले जातात, उद्घाटन झालं की संपलं.

आणि हे वेगळ्या पद्धतीने करता येतं हे याच कोकणाने बघितलंय. १९९० ला रोजगार हमीतून फळबाग लागवड आली, आज डोंगरउतारावर ज्या काजू-आंब्याच्या बागा दिसतात त्यातल्या कित्येक त्या काळातल्या. आताच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतसुद्धा अनुदान तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असं मिळतं आणि झाडं जगली तरच पुढचा हप्ता. तसंच इथे करा. शेडला अर्धे पैसे, बाकीचे मशीन किती तास चाललं, किती वेगळ्या शेतकऱ्यांचा माल निघाला त्यावर तीन-चार वर्षांत द्या, आणि त्यातला ठरलेला हिस्सा ऑपरेटर नि दुरुस्तीला. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या जाती दिल्या, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकमाची कोकण अमृता ही जात दिली, झाडापर्यंतचं काम झालंय. झाड ते बाटली हा मधला रस्ता रिकामा आहे आणि तो अशा केंद्रांनीच भरेल.

जाणार असाल तर कोकमवाल्यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच नाव नोंदवा, ड्रायरला फार मोठी रांग असते. आंबा सकाळी लवकर न्या, दुपारनंतर लाईटचा भरवसा नाही. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर आणि धुतलेल्या बाटल्या सोबत ठेवा, लेबल लावायला तिथे टेबल देतात. पैसे यूपीआयने चालतात, पण रेंज नसते म्हणून थोडी रोख बरोबर असू द्या.