ऑक्सिजन उपचाराच्या नावाखाली झालेली फसवणूक

स्वमग्न मुलांच्या पालकांनी हे वाचावे, म्हणून लिहीत आहे. हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपीने, म्हणजे बंद कक्षात वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन देण्याने, मूल बोलू लागेल, असे सांगून एका खासगी केंद्राने माझ्या ताईकडून संपूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ घेतले. भाच्यात काहीही फरक पडला नाही आणि पैसे परत मागितल्यावर, पावतीवरच्या ‘वेलनेस सत्र’ या शब्दांवर बोट ठेवून, हा वैद्यकीय उपचार नव्हताच, असे उत्तर मिळाले.

केंद्राच्या माहितीपत्रकात आम्स्टरडॅमचे शल्यविशारद इटे बूरेमा यांचा दाखला होता. तो खरा आहे, म्हणूनच पालक त्याला भुलतात. रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून टाकलेली डुकरेसुद्धा वातावरणाच्या तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनवर जगू शकतात, कारण तेवढ्या दाबाने रक्तद्रवातच पुरेसा ऑक्सिजन विरघळतो, हे बूरेमा यांनी 1960 मध्ये दाखवून दिले. पुढे गॅस गँगरीन (जिवाणूंमुळे ऊती सडण्याचा आजार), खोल पाण्यात उतरणाऱ्यांना होणारा दाबविकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहींच्या पायाच्या काही न भरणाऱ्या जखमा यांसाठी हा उपचार मान्य झाला. स्वमग्नता त्या यादीत नाही, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 मध्येच तसे जाहीरपणे बजावले आहे.

मुळात केंद्रात या उपचाराचा खरा कक्षही नव्हता. चेन लावून बंद करायची एक फुगवलेली पिशवी होती आणि तिच्या दाबमापकाचा काटा चार पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) जरासा पुढे सरकत असे, म्हणजे वातावरणाच्या जेमतेम 1.3 पट, तर रुग्णालयातल्या पक्क्या कक्षात दाब दोन ते तीन पट असतो.

असले दावे नवे नाहीत. मधुमेह आणि कर्करोग दाबाखालच्या हवेने बरा होतो, असे म्हणणाऱ्या डॉ. ऑर्व्हल कनिंगहॅम यांच्यासाठी 1928 मध्ये क्लीव्हलँडला 64 फूट व्यासाचा पोलादी गोल रुग्णालय म्हणून उभा राहिला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मागितलेले पुरावे त्यांनी कधीच दिले नाहीत.

पैशांपेक्षा मला संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मूल रडू नये म्हणून तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना त्याच्या हातात मोबाइल दिला जात होता, आणि ऑक्सिजनजवळ एखादी ठिणगीही आग भडकवू शकते. जानेवारी 2025 मध्ये मिशिगनमधील ट्रॉय येथे अशाच उपचाराच्या कक्षात आग लागून पाच वर्षांचा मुलगा दगावला.

पैसे भरण्यापूर्वी आजाराचे नाव, दाब, वापरला जाणारा वायू आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लेखी मागा, आणि पावतीवर ‘उपचार’ असे लिहून घ्या. माहितीपत्रक फेकू नका. ताईने ग्राहक आयोगाकडे केलेल्या तक्रारीला तेच जोडले आहे.