मातीवरचा जिवंत पापुद्रा: हातातलं यंत्र, ड्रोन की उपग्रह?

वाळवंटातल्या मातीवर जिवंत पापुद्रा असतो, त्याची तब्येत कशाने मोजायची हा प्रश्न असेल तर यंत्रांच्या किमती नंतर बघा, तुमच्या भागात पाऊस कधी पडतो ते आधी बघा. हे असं का, ते पुढे येईलच.

अमेरिकेतलं कोलोरॅडो पठार असो, इस्राएलचं नेगेव वाळवंट असो की स्पेनमधलं तबेर्नास, झुडपांच्या मधली जमीन उघडी दिसते, पण ती उघडी नसते. सायनोबॅक्टेरिया (उन्हावर स्वतःचं अन्न बनवणारे सूक्ष्म जीव), लायकेन (गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद) आणि मॉस (भिंतीवर उगवते तशी बुटकी, मखमली वनस्पती) यांचा काही मिलिमीटर जाडीचा पापुद्रा तिच्यावर असतो. तो वाळू धरून ठेवतो, हवेतला नत्र मातीत आणतो आणि एका बुटाखाली मोडतो. सायनोबॅक्टेरिया त्यातल्या त्यात लवकर सावरतात, लायकेनला मात्र दशकं लागतात.

त्याची तब्येत तपासायची जुनी रीत म्हणजे छोटा तुकडा कापून प्रयोगशाळेत हरितद्रव्य काढणं. आकडा खात्रीचा मिळतो, पण मोजलेली जागाच नष्ट होते. पुढच्या वर्षी तिथे मोजणार काय? हातातलं यंत्र, ड्रोन आणि उपग्रह हे तिघंही पापुद्र्यावरून परावर्तित झालेला प्रकाश मोजतात, त्याला हात लावावा लागत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

आता पाण्याचं. हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतं. लाल आणि निअर इन्फ्रारेड (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) यांची तुलना करून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, काढतात. पण कोरडा पापुद्रा निपचित असतो. आपल्याकडची कुंपणाची भिंत मे महिन्यात काळी आणि पहिल्या सरीनंतर हिरवी दिसते, तसंच इथे, फक्त इथे ते काही मिनिटांत होतं. मोजणीसाठी आखलेल्या एकाच चौकटीचा एनडीव्हीआय सकाळी कोरडा आणि दुपारी भिजवून घेतला तर दोन वेगळे आकडे येतात, जिवंत वस्तुमान मात्र तेवढंच असतं. ओलाव्याची नोंद नसेल तर आकडा तुलनेला निरुपयोगी.

हातातल्या स्पेक्ट्रोरेडिओमीटरची (परावर्तित प्रकाश रंगारंगाने मोजणाऱ्या यंत्राची) बाजू इथेच भक्कम होते, कारण पाणी तुमच्या हातात असतं. फवाऱ्याच्या बाटलीने दर चौकटीवर सारखंच पाणी मारायचं, ठरावीक मिनिटं थांबायचं, मग मोजायचं. ही यंत्रं साधारण ३५० ते २५०० नॅनोमीटरचा पट्टा वाचतात. प्रकाश आत नेणाऱ्या फायबरच्या तारेला भिंग न लावता तिला दिसणाऱ्या क्षेत्राचा कोन बहुधा २५ अंशांचा असतो. म्हणजे एक मीटर उंचीवरून जमिनीवरचं ४४ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं, ३० सेंटिमीटरवरून फक्त १३. लायकेनचा एखादा ठिपका मोजायचा तर खाली वाकायलाच हवं. ऊन डोक्यावर असताना मोजा, पांढऱ्या प्रमाण-पाटीचं माप पुन्हा पुन्हा घ्या, आणि पांढरा शर्ट घालून शेजारी उभे राहू नका, कारण त्याचाही प्रकाश मापात शिरतो. तोटे उघड आहेत: यंत्र महाग, दिवसभरात होणाऱ्या जागा मोजक्या, आणि तिथवर जाताना पापुद्रा तुडवणारे पाय तुमचेच.

उपग्रहाची खरी ताकद इस्राएल-इजिप्त सीमेवर दिसली. एकाच वाळूच्या पट्ट्यात इजिप्तची बाजू उजळ आणि इस्राएलची गडद. आधी हा झुडपांचा परिणाम मानला जाई. कार्निएली आणि त्सोआर या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं की गडदपणा मुख्यतः पापुद्र्याचा आहे. इजिप्तच्या बाजूला माणसांच्या आणि गुरांच्या पायांखाली तो टिकत नव्हता. पुढे १९९७ मध्ये कार्निएलींनी क्रस्ट इंडेक्स, म्हणजे पापुद्र्याचा निर्देशांक, मांडला: लाल वजा निळा, भागिले लाल अधिक निळा, आणि येईल ते उत्तर १ मधून वजा. समजा वाळूचं लाल परावर्तन ०.४० आणि निळं ०.२०, तर निर्देशांक ०.६७. पापुद्र्याचं ०.२४ आणि ०.१४ असेल तर ०.७४. फरक एवढासाच, त्यामुळे वाळू कुठे संपते आणि पापुद्रा कुठे सुरू होतो हे ठरवणारा एका वाळवंटातला आकडा दुसरीकडे उचलून लावू नका. जिप्समसारख्या पांढऱ्या मातीत लाल आणि निळं मुळातच जवळजवळ सारखं असतं. तिथे पापुद्रा नसतानाही निर्देशांक चढाच येईल.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, तपशील १० मीटरचा, फेरी साधारण पाच दिवसांनी. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा तपशील ३० मीटर, पण जुना साठा त्याच्याकडे. फक्त १९७२ पासूनची सगळी चित्रं क्रस्ट इंडेक्सला चालतील असं समजू नका: सुरुवातीच्या एमएसएस कॅमेऱ्यात निळा पट्टाच नव्हता, तो १९८२ च्या लँडसॅट-४ पासून आला. शिवाय दहा मीटरच्या एका चौकोनात झुडूप, वाळू, पापुद्रा सगळी सरमिसळ.

ड्रोनचं आकर्षण मला कळतं, पण पैसे तिथे सगळ्यात शेवटी घाला. काही सेंटिमीटरचा तपशील मिळतो हे खरं. मात्र शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या काही मल्टिस्पेक्ट्रल (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे टिपणाऱ्या) कॅमेऱ्यांत निळा पट्टा नसतो, तो आधी तपासा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडवायला बंदी आहे; त्यांतल्या कॅन्यनलँड्समध्ये काम असेल तर विशेष परवानगी लागेल.

माझा कौल असा: पापुद्रा पुन्हा रुजवण्याचे प्रयोग चालू असतील, चौकटी थोड्या असतील, तर हातातलं यंत्र आणि फवाऱ्याची बाटली. यंत्र विकत घेण्याआधी एखाद्या विद्यापीठाकडून मागून बघा. शेकडो चौरस किलोमीटरचा किंवा गेल्या चाळीस वर्षांचा प्रश्न असेल तर उपग्रहाला पर्याय नाही, पण खात्री करायला जमिनीवरची थोडी मापं तरी हवीतच.

उपग्रह घेतलात तर तारखा जपून निवडा. नेगेवमध्ये हिवाळी पावसाच्या सुरुवातीला आधी पापुद्रा हिरवा होतो, मग वसंतात एका हंगामाचं गवत, आणि बारमाही झुडपं त्यानंतर. सुरुवातीच्या सरींनंतर ढग हटताच मिळेल ते पहिलं चित्र घ्या. मार्चचं घेतलंत तर गवताची हिरवळ पापुद्र्याच्या खात्यावर जमा होईल.